आठ म्हणजे आठ

आमच्या ऑफिसात सगळं दुप्पट बोलायची रीत होती. ऐकणाऱ्याला वाटायचं थापा मारतात, पण धंद्याची भाषाच तशी. रेडिओचं मागचं झाकण काढलं की आत एक हिरवी पाटी दिसते ना, पीसीबी म्हणतात ती, तिच्यावर तांब्याच्या वाटा असतात आणि वीज त्या वाटांनी चालते. त्या वाटा आधी कुणीतरी बसून आखाव्या लागतात. ते कुणीतरी म्हणजे मी, सरोज चौबळ, राहणार नौपाडा, ठाणे. वागळे इस्टेटमधल्या बाळ रणदिव्यांच्या ऑफिसात मी डिप्लोमा संपल्यासंपल्या लागले आणि पुढची कित्येक वर्षं काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट लावून, पारदर्शक फिल्मवर काळी चिकटपट्टी ब्लेडने कापून डकवत बसले. हे काम खऱ्या पाटीच्या दुप्पट मापात करायचं. मग फोटोवाला त्याचा निम्म्या आकाराचा फोटो काढायचा. त्यात हाताची चूकसुद्धा निम्मी होऊन जायची, आणि तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पण त्यामुळे ऑफिसातला प्रत्येक आकडा फिल्मवरचा, म्हणजे दुप्पट असायचा. गिऱ्हाइकंही ते शिकली होती. पाटीवर दोन वाटांमध्ये चार मिलिमीटर अंतर हवं असेल तर माणूस दारातूनच "आठ ठेवा हं" म्हणत आत यायचा. कुणी नवखा खरं माप सांगायला लागला तर रणदिवे त्याला बसवून घेत, चहा पाजत आणि आमची भाषा शिकवत. माझी तर नजरच तशी झालेली. घरी पडद्याचं कापड आणायला गेले तरी माझ्या डोळ्यांना खिडकी निम्मी वाटायची.

चौऱ्याण्णव साली रणदिव्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि पाट्या आखायचं सॉफ्टवेअर आणलं. इस्टेटमधले लोक येऊन माझं सांत्वन करून गेले, की आता तुमच्या हातातली कला गेली. कसली कला? मान मोडून जायची. मी ती ब्लेडं एका पुडीत बांधून कचऱ्यात टाकली आणि मशीनसमोर बसले. दिवाळीपर्यंत माझा त्यावर असा काही हात बसला की ज्या कंपनीने ते विकलं त्यांचा माणूस मला फोन करून शंका विचारायला लागला. ही बढाई आहे, आणि खरी आहे.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक पान असतं, कुठल्या तांब्यापासून कुठलं तांबं किती लांब राहिलं पाहिजे त्याचे आकडे भरायचं. हे अंतर फार महत्त्वाचं. जवळ आलेल्या तांब्यातून वीज उडी मारते, आणि ओल असेल तर नुसती चालत पलीकडे जाते. आपण आकडा भरला की मशीन सगळी पाटी तपासतं आणि जिथे अंतर कमी पडलं तिथे लाल गोल काढून दाखवतं. हे आकड्यांचं पान रणदिव्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. पैसे घातलेत, तर नियम माझे, रेघा तुझ्या, असं म्हणायचे. माणूस चांगला, पण मालक तो मालक. आणि या मशीनला दुप्पट-बिप्पट काही कळत नव्हतं. त्याला पाटीवरचं खरं माप लागायचं. रणदिवे गिऱ्हाइकाचा आकडा ऐकायचे, मनात निम्मा करायचे आणि भरायचे. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग चंदू आला.

चंदू आमच्या जनाबाईचा मुलगा. जनाबाई चेंदणी कोळीवाड्यातली, माझ्या सासूबाईंच्या काळापासून आमच्या दारात मासळीची पाटी उतरवायची. आम्ही सीकेपी, त्यामुळे मासळीवाली आमच्याकडे पाहुणी म्हणून येत नाही, घरची म्हणून येते, आणि भांडूनच जाते. एका सकाळी पापलेटांचं भांडण अर्ध्यावर सोडून ती म्हणाली की पोराने काहीतरी यंत्र बनवलंय, जरा बघ. मी म्हटलं पाठव.

पोरगा आयटीआय करून टीव्ही दुरुस्त करायचा. सर्किटचा नकाशा घेऊन आला तो इतका स्वच्छ काढलेला, की मी खुर्ची पुढे ओढून घेतली. बोटींच्या बॅटऱ्या चार्ज करायचा चार्जर होता तो. खाडीकाठच्या मच्छीमारांची सोसायटी सगळ्या बोटींसाठी असे चार्जर घेणार होती आणि नारळी पौर्णिमेच्या आत, हंगाम सुरू व्हायच्या आधी, ठरवणार होती. चंदूने बापाकडून तेवढी मुदत मागून घेतली होती. सोसायटीने चार्जर घेतला तर चंदूने आपलं दुकान काढायचं. नाही घेतला तर पुनवेपासून बापाच्या बोटीवर जायचं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. बाप, दामाजी, आता एकट्याने जाळं ओढू शकत नव्हता. आदल्या वर्षी धक्क्यावर कुठल्यातरी भिकार चार्जरमधून घरातली वीज थेट बॅटरीवर आली, आणि याने ओल्या हाताने बॅटरी धरली. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. त्याच्या बोटीवर दुसरा हात हवाच होता, आणि तो हात मुलाचाच असावा हे कोळीवाड्यात कुणी बोलून दाखवायची गरज नसते.

चंदूने रणदिव्यांना सगळं सांगितलं आणि एकच अट घातली. विजेच्या बाजूचं तांबं आणि बॅटरीच्या बाजूचं तांबं यांच्यात आठ मिलिमीटर अंतर पाहिजे. पुस्तकं वाचून, चार जाणत्यांना विचारून तो हा आकडा घेऊन आला होता. रणदिवे म्हणाले, आठ, लिहून घेतलं. मी शेजारीच बसून नकाशा बघत होते.

मी ती पाटी जीव लावून आखली. एका बाजूला घरची वीज, दुसऱ्या बाजूला बॅटरी, आणि मधोमध मोकळी पट्टी, तिथे तांब्याचा कण नाही. ती पट्टी ओलांडून जाणारे दोनच भाग. एक ट्रान्सफॉर्मर, आणि दुसरा ऑप्टो नावाचा सहा पायांचा इवलासा काळा किडा. त्याचे तीन पाय विजेच्या बाजूला, तीन बॅटरीच्या बाजूला. पोटातून उजेडाने निरोप पाठवतो, वीज मात्र पलीकडे जाऊ देत नाही. मशीनने पाटी तपासली आणि दाखवलं, चुका शून्य. फोटोवाल्याला अजूनही दुप्पट मापच लागायचं, म्हणून रणदिव्यांनी प्लॉटरवर, म्हणजे रेघा काढणाऱ्या यंत्रावर, ती दुप्पट काढली, मधल्या मोकळ्या जागेवर मोजपट्टी ठेवली आणि म्हणाले, "बरोबर आठ." फिल्मवर आठ बघायची आम्हा दोघांची सवय जुनी. मीही मान हलवली. डोंबिवलीच्या कारखान्यातून पाट्या छापून आल्या, चंदूने त्यावर भाग बसवले आणि तपासणीच्या लॅबमध्ये चार्जर नेला.

तो पास झाला. शिक्का मारलेला कागद आणि पेढ्यांचा पुडा घेऊन चंदू ऑफिसात आला तेव्हा रणदिव्यांनी शेजारच्या गाळ्यातल्या माणसांनाही बोलावलं. मी पेढा तोंडात टाकला आणि चंदूची पाटी हातात घेऊन कौतुकाने बघायला लागले. आयुष्यभर मी फिल्मच बघितली, तयार पाटी हातात घेऊन निरखायची वेळ कधी यायचीच नाही. बघता बघता माझी नजर त्या ऑप्टोवर गेली आणि तिथेच अडकली.

त्या किड्याच्या पायांच्या दोन रांगा एकमेकींपासून साडेसात मिलिमीटरवर असतात. त्यातून दोन्हीकडच्या तांब्याच्या टिकल्यांची जागा वजा केली की मध्ये राहतात जेमतेम सहा. चंदूचे आठ पुस्तकातले, म्हणजे खरे आठ; मशीनला जर तेच सांगितलं असतं, तर त्याने या जागी लाल गोल काढून बोंब मारायला हवी होती. त्याने शून्य म्हटलं. शून्य येणं शक्यच नव्हतं. सगळ्यांना ज्या शून्याचा आनंद झाला, तेच शून्य खोटं होतं.

मी उठून रणदिव्यांच्या खुर्चीत जाऊन बसले, त्यांना न विचारता. आकड्यांचं पान उघडलं. तिथे चार होते.

रणदिव्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पडदा पाहिला आणि हातातला पेढा पुन्हा पुड्यात ठेवला. त्यांनी आमच्या भाषेतलं आठ ऐकलं होतं, आणि पोरगा खरं बोलला होता. त्याला आमची भाषा शिकवायची आठवणच कुणाला झाली नाही, कारण जनाबाईचा मुलगा म्हणजे घरचाच. मी विचारलं, घरचा असला म्हणून चहा पाजायचा नाही का? ते कसंनुसं हसले, मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, की लॅबचा शिक्का आहे, कायद्याने पास आहे, आत्ता ऑर्डर मिळू दे, पुढच्या लॉटला आपण गुपचूप आठ करून देऊ. "अगं, पोराच्या तोंडचा घास कशाला काढतेस?"

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांना चंदूचं भलंच हवं होतं, आणि लॅबच्या कोरड्या खोलीत चार मिलिमीटर पुरतातही. पण तो चार्जर धक्क्यावरच्या शेडमध्ये टांगला जाणार होता. खाडीकाठी राहणाऱ्याला खारी हवा काय करते ते सांगायला लागत नाही, खिडकीची नवी कडी पावसाळ्याअखेर हाताला लाल लागते. ते मीठ आणि ती ओल त्या पट्टीवर बसली की चार मिलिमीटर वीज सहज चालून जाईल. आज नाही, एखाद्या हंगामाने. मी म्हटलं, "साहेब, घास मी काढत नाहीये. त्यात काय आहे ते त्याला सांगतेय."

आणि सांगितलं. चंदूला समोर बसवून, पाटी दाखवून, मोजपट्टी त्याच्याच हातात देऊन. त्याने मापलं. पुन्हा मापलं. मग जे बोलला ते सगळं लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं निम्मं आम्हाला मिळायलाच हवं होतं. शेवटी आवाज बसला त्याचा.

"ताई, कागद मिळालेला ना. तुम्ही मला हे सांगितलंतच कशाला?"

"कारण चार्जरवर नाव तुझं आहे."

त्याने पेढ्यांचा पुडा पुन्हा दोऱ्याने बांधला. मग विचारलं, दुरुस्त करायला किती वेळ?

पाटी दुरुस्त करायला मला दुपार पुरली. त्या पानावर मी स्वतः आठ लिहिले आणि तपासायला सांगितलं. पडदा लाल गोलांनी भरून गेला. खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं, ताप उतरल्यासारखं. एकेक गोल घेत गेले. इथली वाट आत वळव, तिथला भाग मागे सरकव. ऑप्टोचे पाय पकडीने बाहेर फाकवून लांब बसवायचे ठरवले आणि त्याच्या पोटाखाली पाटीला आरपार खाच ठेवली, म्हणजे ओल बसायला जागाच नको. संध्याकाळी मशीनने पुन्हा शून्य दाखवलं. या वेळी मी त्या शून्यावर विश्वास ठेवला नाही, प्लॉटरवर पाटी काढून दोन्ही बाजू मोजपट्टीने मोजल्या, आणि मगच चंदूला फोनवरून, म्हणजे त्याच्या शेजारच्या वाण्याच्या फोनवरून, कळवलं. रणदिव्यांनी भिंतीवर कागद चिकटवला, की आजपासून या ऑफिसात खरं माप बोलायचं. इतक्या वर्षांची भाषा त्यांनी एका कागदात मोडली, तेवढं मोठेपण त्यांच्यात होतं.

पण पाटी मोठी झाली होती. जुन्या डब्यात मावेना. पत्र्याचे डबे करणारा शहाडचा माणूस होता, त्याने हात वर केले. नवा डबा पुनवेनंतर, आधी शक्य नाही. म्हणजे सोसायटीच्या सभेत चंदूकडे दाखवायला एकच चार्जर होता, चार मिलिमीटरवाला, शिक्क्यानिशी पास. त्याने काय ठरवलंय ते मला तो सांगेना, आणि मीही विचारलं नाही. फक्त म्हटलं की सभेला मी येणार.

सभा कोळीवाड्यातल्या समाजाच्या हॉलमध्ये होती. मी बायकांच्या बाजूला जनाबाईशेजारी बसले. तिला सगळं माहीत होतं. ती पदराचं टोक पिळत होती. समोर पुरुषांत दामाजी भिंतीला टेकून बसलेला. सोसायटीचे अध्यक्ष भिवाजी यांनी लॅबचा कागद वाचून दाखवला, चार्जर उचलून सगळ्यांना दाखवला, आणि म्हणाले की पोर आपलं, माल पास, मग घ्यायला हरकत काय? कुणाचीच नव्हती. हात वर व्हायलाही लागले होते.

चंदू उठला. तो म्हणाला, "हा घेऊ नका."

वर झालेले हात खाली आले. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. अंतर आठ पाहिजे, पडलंय चार. लॅबमध्ये चालतं, आपल्या धक्क्यावर चालणार नाही. नवा आखून तयार आहे, पण डबा पुनवेनंतर मिळेल. चूक कुणाची ते त्याने सांगितलं नाही. मीच उठले आणि म्हटलं की चूक आमच्या ऑफिसची आहे, त्याने पहिल्या दिवसापासून आठच सांगितलं होतं. सगळी सभा वळून माझ्याकडे बघायला लागली. बघू दे.

भिवाजींना पटेना. "कागद पास म्हंतय, आनि तू नापास म्हंतस?"

"हो," चंदू म्हणाला.

मग बराच गोंधळ झाला. कुणी म्हणालं पोर वेडं आहे, कुणी म्हणालं आधीच सांगायचं होतं. शेवटी ठरलं ते असं, की यंदा चार्जर नको. हंगामभर बॅटऱ्या पहिल्यासारख्या स्टेशनजवळच्या गॅरेजमध्ये नेऊन भरून आणायच्या, आणि पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू. भिवाजींनी चार्जर चंदूच्या हातात परत दिला. लोक चपला शोधायला उठले. चंदू तिथेच उभा होता. बापाशी ठरलेलं होतं, सोसायटीने नाही घेतला तर बोट. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. जनाबाईने माझा हात धरला तो दुखेपर्यंत. मला त्या क्षणी रणदिव्यांचं बोलणं आठवलं, घास काढतेस म्हणालेले ते. पण चुकले असं तेव्हाही वाटलं नाही.

दामाजी भिंतीचा आधार घेत उठला. चंदूकडे त्याने बघितलंही नाही. दाराशी हौसाबाईचा विश्राम उभा होता, दणकट पोरगा, त्या वर्षी कुणाच्याच बोटीवर लागला नव्हता. दामाजीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला हाक मारली.

"विश्राम, पुनवेपासून माज्या बोटीव येशील का र? चंदूला सवड नाय. त्याला आठाचे चार्जर बनवायचे हान."

विश्राम हो म्हणाला. दामाजीने मान हलवली आणि चपला घालून बाहेर पडला.  चंदूला ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो चार्जर छातीशी धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. जनाबाई उठून त्याच्याजवळ गेली. मीही रडले, आणि डोळे पुसायच्या भानगडीत पडले नाही.